सगळी चर्चेस सारखीच दिसतात का? (परदेशातली जुनी गावं आणि एक कंटाळलेला मुलगा)

मुक्ता_फिरस्ती

नमस्कार मंडळी, जूनमध्ये पंधरा दिवस निघतोय. मी, नवरा, सासूबाई (वय ६८, गुडघे अधूनमधून संपावर) आणि ११ वर्षांचा मुलगा. लंडन, कॉट्सवोल्ड्स (इंग्लंडमधला जुन्या गावांचा पट्टा), मग ऑस्ट्रियात साल्झबर्ग, हॉलस्टॅट आणि शेवटी प्राग, असं ढोबळ ठरलंय.

अडचण अशी की जुनी गावं, चर्चेस, पडके किल्ले यांचं वेड घरात फक्त मला आहे. मागे इटलीला गेलो होतो तेव्हा पाचव्या दिवशी चिरंजीव एका चर्चच्या पायरीवर फतकल मारून बसले आणि म्हणाले, आई हे आपण कालच बघितलं ना? आणि नवरा म्हणतो, बरोबर बोलतोय तो. खरं सांगू का, मलाही त्या क्षणी आठवेना की आधीच्या दिवशी काय बघितलं होतं. ग्रुप टूर होती (कंपनीचं नाव नको), दिवसाला चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पंचवीस मिनिटं आणि त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. फोटो बाराशे आहेत आणि निम्म्यांवर कुठलं काय ते सांगता येत नाही.

यावेळी सगळं आमचं आम्हीच करतोय. तर कॉट्सवोल्ड्समधली पाच गावं एका दिवसात होतील का? हॉलस्टॅट साल्झबर्गहून जाऊन-येऊन करावं का? आणि मुलाला चर्चमध्ये नेताना काय लाच द्यावी?

नीलमोहर_

पाच गावं होतील, पण गाडीच्या खिडकीतून. दोन करा.

बायबरीला सगळे जातात ते आर्लिंग्टन रो नावाच्या घरांच्या रांगेसाठी. ती इमारत मुळात घरं नव्हतीच, साधारण १३८० मध्ये बांधलेलं मठाचं लोकरीचं गोदाम होतं ते, सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं केली. समोरच्या ओलसर गवताळ पट्ट्यावर लोकर वाळत घालायचे. हे माहीत असेल तर ती रांग वेगळीच दिसते, नाहीतर कॅलेंडरवरचं चित्र. सकाळी आठला जा, दहानंतर नुसत्या बसेस.

दुसरं म्हणजे लॅकॉक. जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे, १९४४ मध्ये मटिल्डा टॅलबट बाईंनी अ‍ॅबी (म्हणजे जुना मठ) आणि गाव दोन्ही देऊन टाकलं. रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत, म्हणून शूटिंगवाल्यांचं लाडकं. आणि त्या अ‍ॅबीच्या एका खिडकीचा विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने १८३५ मध्ये काढलेला फोटो हा आज शिल्लक असलेल्यांतला सगळ्यात जुना फोटो-निगेटिव्ह आहे. ती खिडकी जागेवर आहे अजून. मुलाला मोबाईल देऊन सांगा की त्याच खिडकीचा फोटो काढ बघू.

एक विनंती मात्र. दोन्ही ठिकाणी त्या घरांत माणसं राहतात. मी स्वतः बघितलंय, एक जण चक्क काचेला नाक लावून आत डोकावत होता आणि आत एक आजोबा पेपर वाचत होते.

खडूस_काका

सगळी चर्चेस सारखीच असतात म्हणणाऱ्या माणसाला मी एकच काम देतो, कमानी बघ. गोल आहेत की टोकदार?

गोल कमान म्हणजे जुना रोमनेस्क प्रकार. जाड भिंती, छोट्या खिडक्या, आत अंधार. टोकदार कमान आली की गॉथिक. टोकदार कमानीतून छताचं वजन खांबांवर जास्त सरळ उतरतं, उरलेला बाहेरचा रेटा पेलायला बाहेरून दगडी टेकू लावले, मग भिंतीवर भार राहिला नाही, आणि भिंतीच्या जागी प्रचंड रंगीत काचा बसवता आल्या. एवढं एक कळलं तरी बाहेरून बघूनच आत उजेड किती असेल ते ओळखता येतं, मुलांना असले अंदाज बांधायला आवडतात. माझी पुतणी तर बाहेरचे टेकू मोजायची.

इटलीत गेला होतात म्हणता, रोममध्ये सांत इग्नात्सिओ बघितलं का? घुमट बांधायचा राहूनच गेला त्या चर्चचा, तर आंद्रेआ पोझो या चित्रकाराने १६८५ मध्ये सपाट कापडावर खोटा घुमट रंगवून वर बसवला. जमिनीवर एक खूण आहे, तिथे उभं राहिलं की घुमट खराखुरा वाटतो, चार पावलं सरकलं की कलंडतो. फुकट आहे आणि पोरं तिथून हलत नाहीत.

पंचवीस मिनिटांत चर्च दाखवणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

मुक्ता_फिरस्ती

काका, सांत इग्नात्सिओ बघितलं म्हणे आम्ही. फोटो सापडला आत्ता. खुणेवर कोणी उभं केलं नाही हो!!

आळशी_भटक्या

थोडं विरोधी मत मांडतो, रागावू नका. सगळ्यांनाच वर्षाआड परदेशी जाता येत नाही. बरेच जण आयुष्यात एकदाच जातात, त्यांना आयफेल टॉवर पण बघायचा असतो आणि पिसाचा मनोरा हाताने धरल्याचा फोटो पण काढायचा असतो, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. "एकाच गावात दोन दिवस राहा" हे सांगायला सोपं आहे. माझ्या आईवडिलांनी चौदा दिवसांत सात देश केले, वडील आजही नकाशावर बोट ठेवून सांगतात. त्यांना गोल कमान टोकदार कमान काही माहीत नाही आणि काही बिघडलं नाही.

आणि प्रसिद्ध ठिकाणं उगाच प्रसिद्ध नसतात. पिसाचंच घ्या, ११७३ ला बांधकाम सुरू, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर खालची माती खचायला लागली, मग लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं बंद पडलं, आणि त्या काळात माती दबून घट्ट झाली म्हणूनच तो पडला नाही असं म्हणतात. १९९० ते २००१ बंद ठेवून उंच बाजूची माती थोडी थोडी काढली, तेव्हा कल साडेपाच अंशांवरून चारच्या आसपास आला. सरळ करता आला असता तरी कोण करणार!

खडूस_काका

आळशीराव, मान्य. सात देशांना माझा विरोध नाही, पंचवीस मिनिटांना आहे. तुम्ही पिसाचं एवढं सांगितलंत ते पंचवीस मिनिटांत समजलं होतं का?

आळशी_भटक्या

नाही, घरी येऊन वाचलं. :) पण गेलो म्हणून वाचलं ना.

दगडधोंडे

मुक्ताताई, इंग्लंडला जाताच आहात तर एक गाव सुचवतो. तुमच्या मार्गावर नाही, उत्तरेला डर्बीशरमध्ये आहे, पण मुलासाठी म्हणाल तर कॉट्सवोल्ड्सचा एक दिवस काढून तिथे द्या. स्पेलिंग बघून आपण इयाम वगैरे म्हणतो पण उच्चार ईम.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग होता. या गावातल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाची पेटी आली. कापड दमट होतं म्हणून जॉर्ज विकर्स नावाच्या त्याच्या कारागिराने ते शेकोटीपुढे वाळत घातलं, कापडात पिसवा होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला विकर्स गेला. मग घरातली मुलं, मग शेजारी. हिवाळ्यात जरा कमी झालं आणि १६६६ च्या उन्हाळ्यात परत उसळलं.

तेव्हा विल्यम मॉम्पेसन हा तरुण पाद्री आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढलेला थॉमस स्टॅनली, खरं म्हणजे दोघांची धर्ममतं पटणारी नव्हती, पण दोघांनी मिळून गावाला गळ घातली की कोणी गाव सोडायचं नाही, रोग बाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि लोकांनी ऐकलं! चर्चला कुलूप लावून प्रार्थना उघड्यावर, दरीत, एकमेकांपासून लांब उभं राहून. ज्याचं माणूस गेलं त्यानेच पुरायचं. बाहेरची गावं हद्दीवर अन्न ठेवून जायची आणि हे लोक तिथल्या एका दगडाला पाडलेल्या भोकांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायचे, म्हणजे रोग नाण्यांबरोबर जाऊ नये. जंतू वगैरे कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा. तो सहा भोकांचा दगड आहे तिथे, लोक आजही त्यात नाणी टाकतात.

१६६६ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे २६० माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन पण, तिची कबर चर्चच्या अंगणात आहे. मुलांना त्याने आधीच बाहेर पाठवलं होतं, तिने नवऱ्याजवळ राहायचं ठरवलं.

गावाबाहेर शेतात रायली ग्रेव्ह्ज म्हणून जागा आहे. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. गोल दगडी कुंपण आहे, आत त्यांच्या कबरींचे दगड. मी गेलो तेव्हा आजूबाजूला मेंढ्या चरत होत्या, बाकी कोणी नाही. मी काही फार हळवा माणूस नाही. तरी तिथून लगेच उठता आलं नाही.

घरांवर पाट्या आहेत, कोणत्या घरात कोण कोण गेलं आणि कधी. छोटं म्युझियम आहे, त्याच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी उंदीर बसवलाय. शेफील्डहून बस आहे पण फेऱ्या कमी, परतीची वेळ आधी बघून ठेवा. ११ वर्षांच्या मुलाला झेपेल का ते तुम्ही ठरवा. माझ्या मते झेपतं, मोठ्यांनाच जास्त त्रास होतो.

नीलमोहर_

काय लिहिलंय दगडधोंडे. मी तिकडे तीन वर्षं राहिले आणि गेले नाही. आता स्वतःचाच राग येतोय.

रानवाटा

हॉलस्टॅटचं मी सांगते. जाऊन-येऊन करू नका, एक रात्र राहा. गावात साडेसातशेच्या आसपास लोक राहतात आणि गर्दीच्या दिवसांत दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात, म्हणजे काय होत असेल विचार करा. टूरच्या बसेसना आता वेळ आरक्षित करूनच यावं लागतं. चीनमध्ये ग्वांगडाँग प्रांतात तर या गावाची हुबेहूब नक्कल बांधली, २०१२ ला उघडली. गावकऱ्यांनी फार गर्दी होते म्हणून मोर्चे पण काढलेत, मला त्यांचं पटतं. पण मग मी गेले ती काय गर्दी नव्हते? असो.

रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे. उतरलं की बोट, आणि गाव समोरून हळूहळू जवळ येतं, हा अर्धा आनंद. शेवटची बोट संध्याकाळी लवकर सुटते हे मात्र लक्षात ठेवा. संध्याकाळी बसेस गेल्या की गाव एकदम सुटं होतं, बदकांचा आवाज ऐकू येतो.

वर डोंगराच्या कुशीतल्या कॅथलिक चर्चमागे एक छोटी अस्थींची खोली आहे, मुलाला नक्की दाखवा (सासूबाईंना पायऱ्या बऱ्याच पडतील). दफनभूमी एवढीशी, वाढवायला जागा नाही, एका बाजूला तळं दुसऱ्या बाजूला कडा. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायचे, हाडं काढून उन्हात शुभ्र करायचे आणि कवटीवर नाव, तारीख आणि फुलं-पानं रंगवायचे. बाराशेच्या आसपास कवट्या, त्यातल्या सहाशेच्या वर रंगवलेल्या. गुलाब, आयव्हीची वेल, ओकची पानं. शेवटची १९९५ मध्ये ठेवली, एका बाईची, १९८३ मध्ये वारलेल्या, त्यांची तशी इच्छा होती. सोन्याचा दात आहे तिला. भीती नाही वाटत, उलट फार घरगुती वाटतं ते सगळं.

मिठाच्या खाणीत लाकडी घसरगुंड्या आहेत, त्यामुळे तुमचा मुलगा तसाही खूश. तिथे सापडलेला लाकडी जिना इसवी सनापूर्वी १३४४ च्या सुमाराचा निघालाय, झाडाच्या वलयांवरून काढलेलं वय. युरोपातल्या लोहयुगाच्या एका अख्ख्या काळाला या गावाचं नाव आहे आणि लोक तिथे हंस बघून परत येतात.

कंदील

कवट्यांचा विषय निघालाच आहे आणि तुम्ही प्रागला जाताय तर तिथून तासाभरावर कुटना होरा. सेडलेकच्या अस्थिगृहात चाळीस हजारांहून जास्त माणसांची हाडं आहेत, फ्रान्तिशेक रिंट या लाकूडकाम करणाऱ्याने १८७० मध्ये त्यांची झुंबरं वगैरे केली आणि भिंतीवर स्वतःची सही पण हाडांनीच केली. मात्र २०२० पासून परवानगीशिवाय फोटो बंद. कारण काय तर लोक कवट्यांना टोप्या घालून, चष्मे लावून सेल्फी काढायला लागले. मला तो नियम आवडला. फोन खिशात गेला की माणूस आपोआप बघायला लागतो.

आणि एक कामाची गोष्ट. लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, सेंट पॉल्स यांना चांगलं तगडं तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला, तिला इव्हनसाँग म्हणतात, तिकीट नाही. पाऊण तासाच्या आसपास चालते. गायकवृंद गातो, आपण बसायचं आणि सगळे उभे राहिले की उभं राहायचं. फिरता येत नाही, फोटो नाही. पण ती इमारत ज्यासाठी बांधली ते चालू असताना बघायला मिळते, आणि तो आवाज छतापर्यंत जाऊन परत येतो ना, तेव्हा एवढी उंची का ठेवली असेल ते कळतं. धर्म कुठला का असेना. सासूबाईंचे गुडघे पण विसावतील.

बाकी बारीकसारीक: इटली-स्पेनकडची छोटी चर्चेस दुपारी दोन-तीन तास बंद असतात, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, अंधाऱ्या बाजूच्या देवळीत चित्र असेल तर जवळपास नाणं टाकायची पेटी शोधा, नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. रोमला सान लुईजी देई फ्रांचेझीमध्ये काराव्हाज्जोची तीन चित्रं तशीच बघितली. सगळे दुसरा कोणीतरी नाणं टाकेल म्हणून अंधारात उभे!

तिरफळ

कंदील, देवळी शब्द आवडला, चॅपेलला चपखल बसतोय.

माझी भर नॉर्वेची. दगडी चर्चेसचा कंटाळा आला असेल तर लाकडी बघा. बोर्गुंडचं चर्च साधारण ११८० चं, सगळं लाकूड, छपरावर ड्रॅगनची तोंडं. मध्ययुगात अशी शेकड्यांनी होती, आता नॉर्वेत २८ उरलीत. उभे खांब जमिनीत न पुरता दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर उभे केले म्हणून बुडातून कुजले नाहीत, आणि वरून डांबर फासत राहतात. उन्हात तो डांबराचा वास अख्ख्या आवारात येतो. बर्गनजवळचं फान्टोफ्ट १९९२ मध्ये कोणीतरी जाळलं, नंतर परत उभारलं, त्यामुळे ते बघताना नवं आहे हे लक्षात ठेवा.

आळशी_भटक्या

मी आता यादी करायला लागलोय, बायको विचारतेय कोणाशी चॅट चाललंय.

मुक्ता_फिरस्ती (चार महिन्यांनी)

परत आलो हो. उशीर झाला, माफी.

कॉट्सवोल्ड्सचं बायबरी काढलं, फक्त लॅकॉक ठेवलं. चिरंजीवांनी त्या खिडकीचे सतरा फोटो काढले आणि मूळ फोटोपेक्षा माझा चांगला आलाय असं जाहीर केलं. सेंट पॉल्सच्या इव्हनसाँगला सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्या, तर बाहेर आल्यावर म्हणाल्या शेवटचं जे गायलं ते परत ऐकायला मिळेल का कुठे. हॉलस्टॅटला एक रात्र राहिलो. सकाळी सव्वासहाला मी आणि नवरा तळ्याकाठी, आणि एक बाई कुत्र्याला फिरवत होती, बस. अकरा वाजता त्याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुटना होरा जमलं नाही, मुलाला ताप आला प्रागमध्ये.

आणि ईम. दगडधोंडे, तुम्हाला काय सांगू. पाऊस होता. मला वाटलं होतं मुलगा म्युझियममध्ये उंदीर बघेल आणि संपलं. तर तो प्रत्येक घरासमोर थांबून पाटी वाचत सुटला, छत्री पण घेईना. शिंप्याच्या घराच्या पाटीवर आहे की मेरी हॅडफील्ड एकटी वाचली आणि तिचे तेरा नातेवाईक गेले. तिथे बराच वेळ उभा होता. मग विचारलं, मग ती त्याच घरात राहिली का गं नंतर? मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, पण तो, जो इटलीत घड्याळ बघत होता, तो म्हणाला चल आत विचारू, आणि दोघं परत म्युझियममध्ये गेले.

सासूबाई चढ असूनही रायली ग्रेव्ह्जपर्यंत आल्या, नको म्हटलं तरी. काही बोलल्या नाहीत. उतरताना माझा हात धरला, एरवी धरत नाहीत.

खडूस_काका

आणि चर्च? कमानी कशा होत्या?

मुक्ता_फिरस्ती

टोकदार, काका! मुलाने आधी सांगितलं, मी नंतर बघितलं. पण तो भोकांचा दगड राहिला, तिथपर्यंत गेलो असतो तर बस चुकली असती. त्याने त्यात टाकायला एक नाणं हॉटेलपासून मुठीत धरून आणलं होतं. ते अजून त्याच्या कंपासपेटीत आहे, खर्च करू देत नाही कोणाला.